होंजो यांच्या नावावर खपवलेला संदेश

एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपवर एक संदेश धडाधड फिरला आणि अजूनही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो डोकं वर काढतो. जपानचे नोबेलविजेते प्रतिकारशक्तीतज्ज्ञ डॉ. तासुकू होंजो त्यात म्हणतात: कोरोना नैसर्गिक नाही, नैसर्गिक असता तर थंड देशांतच पसरला असता, वुहानच्या प्रयोगशाळेत मी ४ वर्षं काम केलंय, तिथल्या सगळ्यांचे फोन ३ महिने बंद आहेत, ते मेलेत, प्राणी आणि विषाणूंवर माझं ४० वर्षांचं संशोधन आहे, मी खोटा ठरलो तर सरकारने माझं नोबेल काढून घ्यावं.

होंजो यांनी २७ एप्रिल २०२० रोजीच क्योतो विद्यापीठामार्फत निवेदन काढलं. आपलं आणि विद्यापीठाचं नाव खोट्या आरोपांसाठी वापरलं गेल्याचं त्यांना फार दुःख झालं होतं. तरी ‘दबावाखाली बोलले असतील’ म्हणणारे भेटतातच. तेव्हा निवेदन बाजूला ठेवू आणि बाकीच्या नोंदी तपासू.

वुहानची ४ वर्षं कुठे बसवायची? १९७१ ते १९७४ होंजो अमेरिकेत होते, आधी बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत, मग एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत. तिथून टोकियो विद्यापीठ, १९७९ ला ओसाका, १९८४ पासून क्योतो. मध्ये ४ वर्षांची फट नाही.

फोन बंद, माणसं मेली? वुहानच्या त्या प्रयोगशाळेतल्या विषाणूतज्ज्ञ शी झेंगली यांच्या गटाचा शोधनिबंध फेब्रुवारी २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ‘सायन्स’ या दुसऱ्या पत्रिकेच्या प्रश्नांना लेखी उत्तरंही दिली.

तापमानाचा मुद्दा तर वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मांडणार नाही. मर्स हा कोरोनाच्याच कुळातला विषाणू २०१२ मध्ये सापडला तो सौदी अरेबियात, आणि तो माणसात येतो उंटांकडून. २००९ चा स्वाइन फ्लू पुणेकर विसरलेले नसतील. एप्रिलमध्ये मेक्सिकोत उघड झालेल्या त्या साथीचा भारतातला पहिला बळी ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात पुण्यात गेला.

नोबेल ‘सरकार’ देत नाही. वैद्यकाचं नोबेल स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतली नोबेल सभा देते आणि दिलेलं परत घेण्याची तरतूद नियमांत नाही. ज्याला ते मिळालंय त्याला एवढं नक्की ठाऊक असतं.

राहिलं ‘विषाणूंवर ४० वर्षं’. हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं, कारण होंजो यांचं खरं काम त्यामुळे झाकलं जातं. एकच पेशी आधी एका प्रकारची आणि नंतर दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) कशी बनवते? जनुकाचा मधला तुकडा गळून पडतो, असं उत्तर त्यांनी १९७८ मध्ये सहकारी काताओका यांच्यासोबत मांडलं. हे घडवून आणणारं एड (AID) हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं. आणि पीडी-१. त्यांचे विद्यार्थी इशिदा पेशींच्या मरणाशी संबंधित जनुक शोधत होते, तेव्हा हा नवा रेणू हाती लागला. ते वर्ष १९९२. तो करतो काय, हे कितीतरी वर्षं कळेना. ते जनुक काढून टाकलेले उंदीर आधी ठणठणीत वाटले. वय झालं तसे त्यांचे सांधे सुजले, मूत्रपिंडं बिघडली. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली होती, म्हणजे पीडी-१ हा तिचा ब्रेक. १९९९ साली हे छापून आलं. मग हा ब्रेक सोडवला तर कर्करोगाशी लढता येईल का, असा प्रश्न आला आणि त्यातून निवोलुमॅब हे औषध निघालं. २०१४ मध्ये जपानने त्याला मान्यता दिली. २०१८ चं नोबेल याच कामासाठी होतं, अमेरिकी संशोधक जेम्स ॲलिसन यांच्यासोबत विभागून.

या कामाचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. निवोलुमॅब आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना परवडत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला, ते दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. एरवीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निवोलुमॅब न मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे १६ टक्के हयात होते, मिळालेल्यांपैकी ४३ टक्के.