बारा बैठकांत नसांची आग जात नाही

‘मणक्याला मार लागून पायांत आग होतेय? अ‍ॅक्युपंक्चरच्या बारा बैठकांत नसा मोकळ्या होतात, दुखणं मुळापासून जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. साइड इफेक्ट शून्य. गोळ्या आजच बंद करा.’

हा मेसेज महिन्याभरात मला सात जणांनी पाठवला, सगळ्यांनी मायेनेच. माझा धाकटा भाऊ नारळावरून पडला त्याला पाच वर्षं झाली. दुखापत डी-१० ला, म्हणजे छातीमागच्या दहाव्या मणक्याला. बेंबीखाली स्पर्श कळत नाही, पण रात्री पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजतात. म्हणून उत्तर लिहिते आहे.

नसा ‘मोकळ्या’ होतात हे आधी सोडून देऊ. पायातली कुठलीच नस तुंबलेली नसते. इजा मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत असते. खालून येणारे संदेश तुटले की रज्जूतल्या आणि मेंदूतल्या पेशी आपणहून वेदनेचे संदेश सोडू लागतात. स्पर्श न कळणारा पाय दुखतो तो त्यामुळे.

‘मुळापासून जातं’ याला पुरावा काय? अ‍ॅक्युपंक्चर आणि नसांच्या वेदनेवर २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेचा आढावा आला. त्यात सहा अभ्यास, ४६२ रुग्ण. सगळे मज्जारज्जूबाहेरच्या नसांच्या दुखण्याचे. त्यांच्यातही निष्कर्ष काढण्याइतका पुरावा सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मणक्याच्या दुखापतीच्या २४ जणांवर कानात सुया टोचण्याचा छोटा प्रयोग झाला आणि सुया घेतलेल्यांना जास्त आराम पडला. मला ते वाचून आशा वाटली. पण तुलना होती नुसती वाट पाहणाऱ्यांशी. खरा उपचार वाटावा अशा खोट्या सुया कोणालाच दिल्या नव्हत्या. हा फरक मोठा आहे. २००७ मध्ये व्हीलचेअरवरच्या १७ जणांच्या खांदेदुखीवर खऱ्या आणि खोट्या सुया ताडून पाहिल्या, तेव्हा दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि त्यांच्यात ठोस फरक दिसला नाही. शिवाय खांदेदुखी ही चाकं ढकलून झिजलेल्या सांध्या-स्नायूंची. पायांची आग वेगळी.

मान्यतेचं म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रयोगांचा आढावा छापला होता. तो आढावा म्हणजे कोणी बरं होण्याची हमी नव्हे.

‘साइड इफेक्ट शून्य’ वाचून मात्र माझा संताप होतो. भावाला एका ठिकाणी सुयांबरोबर दिव्याचा शेक दिला. त्याला चटका कळला नाही. घरी येऊन पायजमा बदलताना मला पोटरीवर फोड दिसला. जखम भरायला तीन महिने लागले. बधिर अंगाला शेक, बधिर अंगावर तासभर एकाच कुशीवर पडून राहणं, हे बेडसोरला आमंत्रण आहे. ज्यांची दुखापत मानेला, डी-६ ला किंवा त्याच्या वर आहे, त्यांना धोका याहून मोठा: बधिर भागात टोचलं, भाजलं किंवा लघवी तुंबली तर रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. लगेच सुया काढायच्या, माणसाला बसतं करायचं, कपडे सैल करायचे, कॅथेटर (लघवीची नळी) अडकलाय का बघायचं. तरी उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल, कारण यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आणि गोळ्या ‘आजच बंद करा’? कृपा करून करू नका. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन या नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या अचानक सोडल्या तर झोप उडते, घाम येतो, काहींना फिट येते. पाय आखडू नयेत म्हणून दिलेली बॅक्लोफेन एकदम तोडली तर फिट, भास, प्रचंड आखडणं, सगळं होऊ शकतं. कमी करायच्याच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि दुखणं नव्याने वर सरकायला लागलं, हाताला बधिरपणा आला, तर बैठका मोजत बसू नका. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत असेल, एमआरआय लागतो.

माझा भाऊ अजूनही अधूनमधून सुया घेतो. त्या रात्री झोप बरी लागते म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं. जाण्याआधी तो मूत्राशय रिकामं करतो, खाली स्वतःची गादी घालायला लावतो, शेक नको म्हणून आधीच बजावतो. आल्यावर मी टाचांपासून पाठीपर्यंत कातडी बघते. रात्रीची गोळी ठरल्या वेळी घेतो.