आग रामेश्वरी, बंब भंगारात

परवा कराड-विटा रोडला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागं अडकलो होतो, ओव्हरटेक काही मिळेना, म्हणून कंटाळून इकडंतिकडं बघत होतो तर एका वीटभट्टीवर हिरवा पाण्याचा टँकर उभा दिसला. उभा म्हणजे चाकं काढून विटांवर टेकवलेला. नाकाचा ट्रक, म्हणजे जुना बोनेटवाला. बायको म्हणाली चला, उशीर होतोय, पण मी गाडी बाजूला घेतलीच, कारण हिरव्या रंगाचे पोपडे उडाले होते ना, त्याच्याखाली लाल दिसत होता.

जवळ जाऊन बघितलं आणि शंका राहिली नाही. टँकरला कशाला लागतात हो मागं होजपाइप जोडायची ६३ मिलीमीटरची गनमेटलची दोन आउटलेटं? आणि टपावर शिडी ठेवायचे लोखंडी हात? डाव्या दरवाजाजवळ चार भोकांची एक पट्टी होती, तिथं घंटा असणार. हा बंब होता. कुठल्या तरी नगरपालिकेचा आगीचा बंब, जो आता विटा भिजवायचं पाणी साठवत बसलाय. भट्टीवाला आला, म्हणाला, "काय दादा, घ्यायचाय का?" मी म्हटलं नाही, बघतोय नुसता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की ह्या माणसाला घरी काम नाही. बायकोनंही तसंच बघितलं.

लहानपणी आमचं घर बंबखान्याच्या मागच्या गल्लीत होतं, त्यामुळे हे वेड तिथलंच. (आणि हो, बंब म्हटलं की आताच्या पोरांना पाणी तापवायचा तांब्याचा पण आठवत नाही आणि आगीचा पण नाही, फायर ब्रिगेड म्हणतात. असो.) पालिकेचा एकच बंब, टाटा मर्सिडीज, आणि त्याचे ड्रायव्हर म्हणजे आमचे अण्णा, नात्यातले नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना अण्णाच म्हणायची. रोज सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू करून ठेवायचे आणि पितळी घंटा चिंचेनं घासायचे. सायरन होता पण अण्णांचा विश्वास घंटेवर. बंब निघाला की शेजारी बसलेला माणूस दोरी ओढत राहायचा, टणटणटणटण, आणि आम्ही पोरं चपला हातात घेऊन मागं पळायचो, कुठं लागली कुठं लागली करत. खंडेनवमीला बंबाला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि आम्हाला पेढा. त्या दिवशी पुढच्या सीटवर बसायला मिळायचं. स्टिअरिंग एवढं मोठं आणि एवढं जड की अण्णांसारखा माणूससुद्धा वळवताना अर्धा उभा राहायचा.

पंपाचं गणित मला शाळेत कळलं नाही, अण्णांनी सांगितल्यावर कळलं. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो, तर तसं नसतं. सक्शन पाइप विहिरीत सोडायचा, टोकाला जाळी, मग प्रायमिंग करून पाइपातली हवा काढायची, की बाहेरच्या हवेचा दाबच पाणी वर ढकलतो. म्हणून त्याला मर्यादा आहे. पाणी पंचवीस फुटाच्या खाली गेलं की बंब हात जोडतो, असं अण्णा म्हणायचे. उन्हाळ्यात गंजीला आग लागली आणि विहिरीनं तळ गाठला असला की मग टाकीतल्या पाण्यावर भागवायचं, आणि गावातल्या बायका घागरी घेऊन येईपर्यंत टाकी संपलेली असायची. आमच्याकडं साखर कारखान्याचा पण बंब असायचा, बगॅसला, म्हणजे उसाच्या चोथ्याला, आग लागते म्हणून ठेवलेला, पण खरं तर आसपासच्या वीस गावांना तोच जवळचा. आजही बातमीत वाचतो ना आपण, कारखान्याचा बंब आला म्हणून.

आता ओळखायचं कसं, तर मी असं करतो. आधी नाक बघायचं. जाळीवर मर्सिडीजचा तारा असला तर गाडी बहुतेक १९५४ ते १९६९ मधली, कारण टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा, तो संपल्यावर ताऱ्याच्या जागी टी आला. पण फसवणूक खूप होते, लोकांनी हौसेनं तारे नंतर बसवलेत, मीच दोनदा फसलोय. नंतरच्या टाटांचा नंबर वाचायचा: १२१० म्हणजे लोडसकट बारा टन आणि साधारण शंभर हॉर्सपॉवर, १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. फार्गो आणि डॉज दिसले तर डोकं खाजवू नका, दोन्ही एकाच आईची लेकरं, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेली, नाव फक्त वेगळं (त्याच कंपनीची पुढं पद्मिनी टॅक्सी आली, तिच्यासाठी मात्र सगळी मुंबई रडली). लेलँडचा कॉमेट मला आवाजावरून ओळखू यायचा. आता खात्री देत नाही. बेडफर्ड आमच्याकडं कमी, पण एसटीची १९४८ सालची पहिली पुणे-नगर गाडी बेडफर्डच होती हे विसरू नका. आणि नंबरप्लेट! एमएच बारा, एमएच दहा हे १९८९ नंतरचं, त्याआधी एमनं सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढं आकडा. गंजलेल्या ट्रकवर तशी प्लेट दिसली की मला अजून पोटात काहीतरी होतं.

बरं, आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम आलाय की सरकारी, महापालिकांच्या, नगरपालिकांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशनच राहणार नाही, भंगारात काढा. ठीक आहे, धूर काढणारी जीप काढा, साहेबाची ॲम्बेसेडर काढा. पण बंब हा असा प्राणी आहे की वर्षभरात पाच-सहा हजार किलोमीटर पण धावत नाही, उभाच असतो, आणि तो वयानं म्हातारा झाला तरी किलोमीटरनं तरुण असतो. तरी मान्य, ड्यूटीवर नवीनच पाहिजे. ड्रम ब्रेक आणि पॉवर नसलेलं स्टिअरिंग घेऊन आजच्या ट्रॅफिकमध्ये आग विझवायला जा असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये भांडायला येऊ नका.

मला खटकतं ते दुसरंच. २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचा नियम केला, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना नंबरात व्हीए अशी खास अक्षरं, केवढं कौतुक. पण ते कुणाला? दुचाकी आणि चारचाकी, आणि तीही खाजगी वापराची. म्हणजे कुठल्या संस्थानिकाची ब्यूक असली तर ती वारसा, आणि ज्या बंबानं गावातली तीनशे घरं वाचवली ते भंगार, किलोच्या भावानं. नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे, १९९४ पासून, आणि चांगलं आहे, मी पोरांना घेऊन दोनदा गेलोय. बेस्टचं अणिक डेपोत आहे. मग बंबांनी काय घोडं मारलंय? ह्याच राज्यात १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात, आणि मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. त्याच तारखेवरून देशभर अग्निशमन दिन पाळतात. भाषणं होतात, हार घालतात, आणि त्याच आवारात मागच्या बाजूला गवतात कुठला तरी जुना बंब गंजत असतो, हे मी एकापेक्षा जास्त गावांत डोळ्यानं बघितलंय.

आमचा बंब लिलावात गेला तेव्हा मी नोकरीला बाहेरगावी होतो. आईनं फोनवर सांगितलं, अण्णा दोन दिवस जेवले नाहीत म्हणून. मी तेव्हा हसलो होतो, खोटं कशाला बोलू. घंटा मात्र लिलावात नव्हती असं म्हणतात, आधीच कुणीतरी काढून नेली. पितळ ना ते.

भट्टीवरचा तो आमचाच का, तर नाही. आमच्या बंबाला आउटलेट बाजूला होती, ह्याला मागं. मी चासी प्लेट पण शोधली, ती खरवडून काढलेली. तरी मी बोनेट उचलून बघितलं, आत कोंबडीनं घरटं केलं होतं, अंडी पण होती तीन.

तर मंडळी, जुने अल्बम काढा. विसर्जनाचे, लग्नाच्या वरातीचे, पुराचे फोटो, ज्यात मागं कुठंतरी बोनेटवाला बंब किंवा पालिकेचा ट्रक उभा असेल, ते टाका इथं. माणसं कापली तरी चालतील, नंबरप्लेट तेवढी दिसली पाहिजे.