दरसाल धोंड्याचा महिना

मोबाईलचा रिचार्ज मारायला दुकानात जाल तेव्हा एक पथ्य पाळा: काही विचारायचं नाही. "मामा, नेहमीचा तेवढा मारा की," एवढं म्हणायचं, पैसे काचेवर ठेवायचे आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभं राहायचं. मामा "आला बघा" म्हणाले की चालू लागायचं. खिशात फोन थरथरेल, मेसेज आलेला असेल. तो उघडायचा नाही. घरी जाऊनही नाही.

हे जमायला अवघड आहे असं वाटत असेल तर तुमचा स्वतःवर विश्वास नाही. शनिवारच्या बाजारात तुम्ही भेंडीचं टोक मोडून बघता, नारळ कानाशी धरून हलवता, कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करायला बाईशी पाच मिनिटं हुज्जत घालता आणि वर कढीपत्ता फुकट उपटून आणता, हे सगळ्या बेळगावला ठाऊक आहे. तोच माणूस रिचार्जच्या दुकानात उभा राहिला की एकदम राजा हरिश्चंद्र होतो. ही दानत जपा. कंपन्यांचा संसार तिच्यावर चालतो.

उदाहरणार्थ, दहा रुपयांचा टॉप-अप, म्हणजे नुसती शिल्लक वाढवणारा रिचार्ज. दहा रुपये दिलेत की खात्यात 7 रुपये 47 पैसे जमा होतात. उरलेले 2 रुपये 53 पैसे कुठे गेले, असा प्रश्न मनात येईल; आला तर पाणी प्या. हिशेब अगदी सरळ आहे आणि म्हणूनच तो करू नये. दहा रुपयांत 18 टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, तो काढला की राहतात 8 रुपये 47 पैसे. त्यातून एक रुपया प्रोसेसिंग फी. झाले 7.47. प्रोसेसिंग म्हणजे काय, तर तुमचे दहा रुपये तुमच्याच खात्यात जमा करण्याचे श्रम. देवळाच्या दानपेटीत तुम्ही दहा टाकावेत आणि पेटीने एक रुपया हाताळणावळ मागावी, तसं.

आता ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या फीलाही वेसण घातली आहे, बरं का. टॉप-अपवर जास्तीत जास्त तीन रुपये किंवा किमतीच्या दहा टक्के, यांत जे कमी असेल तेच घ्यायचं. नियम चांगला आहे. पण त्याचं गणित एकदा मांडून बघा, म्हणजे नकाच बघू. दहा रुपयेवाल्याचा एक रुपया जातो, म्हणजे दहा टक्के. शंभरवाल्याचे तीन रुपये जातात, म्हणजे तीन टक्के. त्याला 81 रुपये 75 पैसे मिळतात. मंडईत हमाली करणारा दहा-दहाचे दहा टॉप-अप मारतो, तेव्हा त्याच शंभरांत त्याच्या हाती पडतात 74 रुपये 70 पैसे. सात रुपयांचा हा फरक गरिबीची प्रोसेसिंग फी समजावा. तेव्हा होता होईल तो गरीब असू नये, आणि असलात तर टॉप-अप एकदम मोठा मारावा.

पूर्वी निदान रंग होते. 2012 साली ट्रायने ग्राहक संरक्षणाचे नियम केले, तेव्हा व्हाउचरवर रंगाचा पट्टा सक्तीचा केला: प्लॅनला लाल, टॉप-अपला हिरवा, स्पेशल टॅरिफला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या पॅकला, पिवळा. पुढे कॉम्बोला, म्हणजे शिल्लक आणि पॅक एकत्र असलेल्याला, निळा आला. न वाचताही कळावं, हा हेतू. दुकानात ही कार्डं दोरीला चिमट्याने टांगलेली असायची आणि आपण नाण्याने त्यावरची चांदी खरवडून नखात भरून घ्यायचो. पट्टा बघितलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मीही नाही बघितला. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने तो रंगांचा नियम काढून टाकला, कारण आता सगळं ऑनलाईन झालं. कुणी हळहळलं नाही.

सीमाभागात राहत असाल तर तुमच्याकडे आणखी एक भाग्य होतं, ते तरुण वाचकांना सांगायलाच हवं. टेलिकॉमवाल्यांनी देशाचे जे सर्कल पाडले, त्यात बेळगाव कर्नाटकात आणि पलीकडचा चंदगड तालुका 'महाराष्ट्र व गोवा' सर्कलमध्ये. वेंगुर्ला रोडला हिंडलगा, सुळगा मागे टाकून बाचीला गेलात की शिनोळी हाकेच्या अंतरावर, आणि शिनोळीचा टॉवर काही मैलाचा दगड बघून लहरी सोडत नाही. आमची आत्या बाचीला. तिचा फोन पडवीत असला की कर्नाटकात आणि परसात गवताच्या गंजीपाशी गेला की महाराष्ट्रात. इतकी वर्षं मोर्चे, सत्याग्रह, काळा दिवस करून जे जमलं नाही, ते त्या टॉवरने दिवसातून चार वेळा करून दाखवलं: आत्याला महाराष्ट्रात घातलं. फक्त मिनिटाला पैसे लागायचे. आलेल्या फोनलाही लागायचे. आपण इकडून फोन केला की ती ओरडायची, "लवकर बोल रे, मी म्हाराष्ट्रात हाय!" आणि तिच्या चपलांचा आवाज यायचा, पडवीकडे पळत असल्याचा.

रोमिंगमध्ये, म्हणजे आपल्या सर्कलबाहेर, आलेल्या फोनची कमाल मर्यादा ट्रायने 75 पैशांवरून 45 पैसे केली ती तारीखही बघा, 1 मे 2015. नेमका महाराष्ट्र दिन. आत्याला तेवढाच काय तो महाराष्ट्र दिनाचा लाभ. पुढे पॅकमध्येच रोमिंग आलं आणि परसात बसून बोलायची सोय झाली, पण आत्या अजूनही फोन वाजला की उठून पडवीत जाते. नियम बदलले तरी पाय बदलत नाहीत.

ही सवय कंपन्यांना चांगली ठाऊक असते. म्हणून 28 दिवस.

तुम्ही 'महिन्याचा' रिचार्ज म्हणता ना, तो 28 दिवसांचा असतो. 365 ला 28 ने भागू नका, मी भागलेलं आहे: तेरा वेळा जातो आणि एक दिवस उरतो. म्हणजे तुमचं घरभाडं बारा, पगार बारा, दुधाचं बिल बारा आणि रिचार्ज तेरा. पंचांगात अधिक मास 32-33 महिन्यांनी एकदा येतो, तेव्हा आपण जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतो, तुपाचा दिवा देतो, ऐपत असेल तर चांदीचं काही देतो. इथे धोंड्याचा महिना दरसाल येतो आणि जावई एकच. सासऱ्याने मात्र तोंड वेडंवाकडं करायचं नाही.

यावरही नियम आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सांगायची कुणाला गरज? 2022 च्या जानेवारीत ट्रायने सांगितलं की प्रत्येक कंपनीने प्लॅन, स्पेशल आणि कॉम्बो या तिन्हींत निदान एकेक 30 दिवसांचं व्हाउचर ठेवलं पाहिजे आणि एकेक असं की जे दर महिन्याच्या त्याच तारखेला नवं करता येईल. ती व्हाउचरं आहेत. दुकानातल्या त्या मोठ्या पोस्टरवर, जिथे हसणारी नटी आहे, तिथे ती सापडणार नाहीत. ॲपमध्ये खाली, आणखी खाली, अंगठा दुखेपर्यंत खाली गेलात तर सापडतील. म्हणून खाली जाऊ नका. तसंच, 2024 च्या डिसेंबरात आलेला नियम की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅकही ठेवावाच लागेल, मुदत 365 दिवसांपर्यंत चालेल. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या आजीला रोज दीड जीबी डेटा भरून देणारे नातू आमच्या गल्लीत सात-आठ तरी आहेत. आजीला कळू देऊ नका. तिला वाटतंय, नातू खर्च करतोय.

रिचार्ज ॲपवर करत असाल तर आणखीनच उत्तम. आपल्याकडे उसाला ठिबक आलं आणि पाणी वाचलं. ॲपवाल्यांनी तेच तंत्र खिशाला लावलं. आधी एक किंमत दाखवायची, मग बोट पुढे सरकेल तसा एक रुपया प्लॅटफॉर्म फी, दोन रुपये सोय फी, आणि एका चौकटीत आधीच टिक मारलेला विमा नाहीतर देणगी. थेंब थेंब. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा तेरा फसव्या रचनांची यादीच काढली आणि त्यांवर बंदी घातली. शेवटच्या पायरीला वाढणारी किंमत आणि न विचारता टोपलीत टाकलेली वस्तू, दोन्ही त्यात आहेत. तेरा. पुन्हा तेरा! हा आकडा या धंद्याला लाभतो असं दिसतं.

आता एक धोक्याची सूचना. वरचं सगळं पथ्य पाळूनही एखाद्याला वाचायची खोड लागते. आमच्या गल्लीतले तात्या हे त्याचं उदाहरण. निवृत्त शिक्षक, त्यामुळे लाल शाईचा पेन अजून खिशात. त्यांच्या शिलकीतून एकदा 30 रुपये गेले. कसले, तर कुठल्याशा विनोदांच्या सेवेचे. तात्यांना विनोद आवडत नाही, हे ज्यांना त्यांनी शिकवलं ते कुणीही शपथेवर सांगेल. अशी सेवा चालू करायची तर ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यावा लागतो, नुसतं चुकून बटण दाबलं एवढ्यावर भागत नाही. आणि 155223 हा नंबर फुकट आहे, त्यावरून ती बंद करता येते. तात्यांनी बंद केली. शहाण्या माणसाने इथे थांबावं. "जाऊ दे, तीसच रुपये" हे वाक्य आपल्या भागात राष्ट्रगीतानंतर उभं राहून म्हणावं इतकं पवित्र आहे.

तात्या थांबले नाहीत. त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला. कन्नडला एक, इंग्रजीला दोन, हिंदीला तीन. मराठी येईल म्हणून तात्या सातपर्यंत ऐकत राहिले, मग पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. शेवटी कन्नडात बोलले. तात्यांचं कन्नड उत्तम आहे, तत्त्वाचा प्रश्न होता. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घेतला, तो वहीत उतरवला. चार दिवसांनी उत्तर आलं की सेवा तुम्हीच चालू केली होती. तात्या म्हणाले, दाखवा. दाखवा म्हणजे काय? तर प्रीपेड ग्राहकानेही मागितलं तर त्याच्या वापराचा तपशीलवार हिशेब द्यावा लागतो, त्याला पन्नास रुपयांहून जास्त घेता येत नाहीत, हेही 2012 च्या त्याच नियमांत आहे. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, तीस रुपयांसाठी पन्नास घालालाय?" तात्या म्हणाले, "तू पावती कर."

मग अपील. कंपनीतच अपिलाचा अधिकारी बसतो, त्याला फी नाही, आणि त्याने 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख बघत म्हाताऱ्या झालेल्या माणसाला 39 दिवस म्हणजे डोळ्याचं पातं लवायचा अवकाश. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, इथल्या इथे, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतं आणि एवढ्या रकमेला फी पडत नाही. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं की नाही यावर वर्षानुवर्षं घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 ला मिटवला: जाता येतं. 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आहे, ती सतरा भाषांत चालते आणि त्यात मराठी आहे. हे कळल्यावर तात्यांनी तिथे फोन केला, म्हणे नुसतं ऐकायला.

तात्यांची भानगड आयोगापर्यंत गेली नाही. छत्तिसाव्या दिवशी 30 रुपये परत आले. रिक्षा, झेरॉक्स आणि ते पन्नास धरून गल्लीने खर्चाचा आकडा काढलेला होताच. तात्या माझ्या दारात आले, फोन पुढे धरला. "वाच."

मी वाचलं. मग त्यांचा फोन घेऊन एक कॉल लावून बघितला, तो लागेना. निकाल लागेपर्यंत कंपनीला दमडी द्यायची नाही म्हणून त्यांनी रिचार्ज केला नव्हता, आणि 28 दिवस कधीच संपले होते.

"तात्या, प्लॅन नसला तर ह्या तीस रुपयांतून फोन लागत नाही."

"म्हाईत हाय."

"आणि नव्वद दिवस वापरला न्हाई तर नंबर तुमच्या नावावर ठिवायला म्हणून ह्यातलेच वीस कापून घेतात. तीस दिवस वाढवून देतात."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पिशवीतून वही काढली आणि लाल पेनाचं टोपण उघडलं.

"वीस? जीएसटी धरून का सोडून?"