काकांना काही कळत नव्हतं, मावशी

काकांना जाऊन बावीस दिवस झालेत. त्यांचं नेत्रदान केलं होतं. मंगळवारी रात्री साडेअकराला मावशीचा फोन आला. आधी नुसतंच रडणं. मग म्हणाली, "अगं, त्यांचे डोळे काढले तेव्हा त्यांना कळत असेल का गं? मी हो म्हटलं. माझ्या हातून पाप घडलं का?"

कारण होतं नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. 'मृत्यूनंतर शरीरात काय घडते, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत' असं त्याचं शीर्षक. तो तुमच्याकडेही येऊन गेला असेल. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: मृत्यूनंतर मेंदू सात तास जागा असतो, माणसाला सगळं ऐकू येतं आणि वेदना होतात, म्हणून सात तास देहाला हात लावू नये. डोळे किंवा अवयव काढले तर जिवाला यातना होतात आणि पुढच्या जन्मी ते अवयव मिळत नाहीत. ब्रेन डेड म्हणजे कोमाच, अवयवांसाठी डॉक्टर जिवंत माणसाला मृत ठरवतात. प्रेताचे केस आणि नखं वाढतात, चितेवर प्रेत उठून बसतं. आत्मा निघाला की वजन २१ ग्रॅमने कमी होतं.

आधी ते सात तास, कारण मावशीची झोप त्यांनी उडवली आहे.

हृदय थांबलं की मेंदूकडे जाणारं रक्त थांबतं. मेंदूजवळ प्राणवायूचा साठा नसतो. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, साधारण अर्ध्या मिनिटात मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख सपाट होतो आणि चार-पाच मिनिटांनंतर पेशींचं कायमचं नुकसान व्हायला लागतं. वेदना होते ती मेंदूत. डोळ्याला, हाताला, कातडीला स्वतःची वेदना नसते, ती फक्त वर्दी देतात. वर्दी घेणारा मेंदूच थांबला तर दुखणार कुणाला?

या मुद्द्यात अर्धवट खरं काही आहे, ते नाइलाजाने का होईना सांगते. शरीरातल्या सगळ्या पेशी एका क्षणी मरत नाहीत. काही तासन्‌तास तग धरतात. २०२२ साली ८७ वर्षांच्या एका रुग्णाची नोंदही प्रसिद्ध झाली. मेंदूचा आलेख चालू असतानाच ते वारले आणि हृदय थांबण्याच्या आधी आणि नंतर तीसेक सेकंद त्यांच्या मेंदूत काही लहरी दिसल्या. रुग्ण एकच, त्यांना मेंदूत रक्तस्राव झालेला, झटके येत होते आणि मोजमाप सेकंदांचं. त्या सेकंदांचे सात तास कुणी केले हे मेसेज लिहिणाऱ्यालाच माहीत. 'ऐकू येतं' हेही तसंच. शेवटच्या काही तासांत, बेशुद्धीतही माणसाचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देतो, असं अभ्यासात दिसलंय. पण ती माणसं मरणाच्या दारात होती, मेलेली नव्हती. म्हणून जाणाऱ्या माणसाशी जरूर बोला, श्वास चालू आहे तोवर बोला.

पेशी जिवंत असणं आणि माणसाला कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मावशीला मी मेथीच्या जुडीचं उदाहरण दिलं. खुडलेली मेथी ओल्या फडक्यात दोन दिवस हिरवी राहते, म्हणून तिला विळीचं दुखतं का? डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, तसाच असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. म्हणूनच हृदय थांबल्यावरही तो काही तास दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

किती तास? सहा. नेत्रपेढीच्या माणसांनी सहा तासांच्या आत पोचायचं असतं. आणि हा मेसेज सांगतो, सात तास देहाला हात लावू नका. ज्या घरात हे ऐकलं जाईल त्या घरातून एकही डोळा कुणाला मिळणार नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

बरं, हात लावू नका हे आपल्या रीतीत तरी कुठे आहे? जीव गेला की घरातलं जाणतं माणूस लगेच पापण्या मिटवतं, हनुवटीखालून पट्टी बांधतं, पाय सरळ करून अंगठे एकत्र बांधतं. मग आंघोळ. त्यामागे अनुभव आहे. स्नायू सैल ठेवायला लागणारी ऊर्जा शरीरात तयार होईनाशी झाली की ते आखडतात. सुरुवात पापण्या आणि जबड्यापासून होते, आपल्या हवेत एक-दोन तासांतच, आणि मग सगळा देह ताठ होतो. उशीर केला तर तोंड मिटत नाही. रक्त वजनाने खाली उतरतं आणि पाठीकडे जांभळे डाग दिसू लागतात. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत पोटाच्या उजव्या बाजूला खाली हिरवट छटा येते, आतड्यातल्या जिवाणूंचं काम सुरू झाल्याची ती खूण.

काका गेले त्या पहाटे मी तिथेच होते, म्हणून खात्रीने सांगते. नेत्रपेढीने फोनवर सांगितलं, पंखा बंद करा, डोक्याखाली दोन उशा ठेवा, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा. मे महिना, घरात माणसं मावेनात आणि पंखा बंद. वाऱ्याने कॉर्निया सुकू नये म्हणून. दोघं जण आले, हातात बर्फाचा छोटा डबा. मावशीकडून लेखी संमती घेतली, तपासणीसाठी काकांचं थोडं रक्त घेतलं आणि वीस मिनिटांत त्यांचं काम झालं. काका ७८ वर्षांचे, मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यातलं काही आड आलं नाही. चेहऱ्यावर जखम नाही, खोबणी खोल गेलेली नाही. नंतर मावशीनेच त्यांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं आणि व्हिडिओ कॉलवर ताई म्हणाली, "बाबा झोपल्यासारखे दिसतायत."

आता ब्रेन डेड, म्हणजे मेंदूमृत. ही अफवा यातनांच्या अफवेइतकीच घातक, कारण डोळे घरी वारलेल्या माणसाचेही देता येतात, पण मृत्यूनंतर दिलेली हृदय, यकृत, मूत्रपिंडं आपल्याकडे मिळतात ती जवळजवळ नेहमी मेंदूमृत रुग्णाकडूनच. आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, तो महाराष्ट्रात आणि गोव्यात १९९५ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. मेंदू मृत झाल्याचा निर्णय एक डॉक्टर घेऊच शकत नाही. चार लागतात: रुग्णालयाचे प्रभारी डॉक्टर, मान्य यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कुणीही त्यात चालत नाही. सगळ्या तपासण्या दोनदा करायच्या, मध्ये किमान सहा तास. डोळ्यावर प्रकाश टाकतात, कॉर्नियाला कापसाने स्पर्श करतात, कानात थंडगार पाणी सोडतात, घशात नळी घालून ठसका लागतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छाती स्वतःहून एकदा तरी हलते का ते बघतात. झोपेच्या औषधांचा किंवा शरीर गार पडल्याचा परिणाम तर नाही ना, हे त्याआधी तपासावं लागतं. मग चौघांच्या सह्या.

कोमातल्या माणसाचा ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास सांभाळणारा मेंदूचा खालचा देठ, जिवंत असतो. असा माणूस बरेचदा स्वतः श्वास घेतो, कधी शुद्धीवरही येतो. नियमाप्रमाणे मेंदूमृत ठरलेला माणूस परत येत नाही. छाती हलते ती यंत्रामुळे, अंग कोमट असतं ते रक्त फिरतंय म्हणून. कधी हात उचलला जातो आणि घरच्यांच्या काळजाचं पाणी होतं. ती पाठीच्या कण्यातली प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. डॉक्टरांनी हे घरच्यांना आधीच नीट समजावून सांगायला हवं. ते न सांगितल्यामुळेच असल्या मेसेजना जागा मिळते.

किडनीचे काळे धंदे झालेत, मुंबईतही उघडकीला आलेत, हे मी नाकारत नाही. पण ते गरीब, जिवंत माणसांच्या किडन्यांचे होते. हा कायदा आणावा लागला तोसुद्धा अशाच धंद्यांमुळे.

पुढच्या जन्मी अवयव मिळत नाहीत, यावर काय बोलावं? काही तासांत तेच डोळे अग्नीत जाणार असतात. मग दहन झालेल्या सगळ्यांनीच आंधळं जन्माला यायला हवं. वज्रासाठी स्वतःची हाडं देणाऱ्या दधीची ऋषींना आपण पुण्यवान म्हणतो, आणि मावशीने मात्र पाप केलं?

उरलेलं भराभर. केस-नखं वाढत नाहीत, कातडी सुकून मागे सरते आणि ती लांब दिसतात. चितेवर हातपाय वाकतात, कधी धड हलल्यासारखं दिसतं, ते उष्णतेने स्नायू आकसल्यामुळे. २१ ग्रॅमचा आकडा डंकन मॅकडूगल या अमेरिकी डॉक्टरने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातला आहे. रुग्ण सहा होते, हा आकडा त्यातल्या एकाचा. बाकीच्यांचे आकडे जुळले नाहीत, दोघांचे तर त्याने स्वतःच बाद केले.

दादा, ग्रुपवर हा मेसेज तू टाकला होतास. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. आता तो डिलीट होत नसेल तर त्याच्या खाली लिही की हे चुकीचं होतं. आणि मावशीला एक फोन कर. ती हल्ली रात्री उशिरापर्यंत जागीच असते.