उतारावरचं लगन

आमच्या तालुक्यातल्या जुन्या टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय. मधे काही वर्षं तिथं कापूस भरला, मग खताचं गोदाम झालं, पावसाळ्यात कोपऱ्यातून अजून युरियाचा वास येतो. पत्रिकेत काहीतरी भारी 'लॉन अँड सेलिब्रेशन' छापतात, पण लोक टॉकीजच म्हणतात. त्यात काय नवल, फिल्मवाल्यांच्या धंद्यात आपल्या भागाला अजून सीपी-बेरार म्हणतात, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्य प्रांत अन् वऱ्हाड, तो प्रांत 1950 लाच नकाशावरून गेला!

मालकानं पीओपी केलं, झुंबर लावलं, गेटवर फायबरचे हत्ती बसवले. फक्त फरशीचा उतार काही त्याच्यानं निघाला नाही. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून पडदा दिसावा म्हणून टॉकीजला उतार देतात, पिक्चरपुरतं ठीक आहे हो, पण लग्नाला? प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत दोन्ही पायांनी ब्रेक दाबून ठेवायचा. पंगतीत तर विचारू नका, माझ्या पत्रावळीतलं वरण शेजारच्या काकाजींच्या आलू-वांग्यात गेलं आणि वरच्या अंगाला बसलेल्या कोणाचा तरी बुंदीचा लाडू घरंगळत माझ्यापाशी येऊन थांबला. मी इकडंतिकडं पाहिलं आणि खाऊन टाकला.

जुन्या खुर्च्या काढल्या पण फरशीत रोवलेले त्यांचे लोखंडी बोल्ट वरून कापले नुसते, बुडखे तसेच ठेवले. अक्षता टाकायला म्हणून उठलो अन् अंगठा फुटला. 1975 साली 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा बाया चपला दाराबाहेर काढून आत जायच्या, आई अजून सांगते. आता तिथं चपला काढायची कोणाची हिंमत नाही, अंगठ्यासाठीही नाही आणि चपलेसाठीही नाही.

मला खरी गंमत वाटते ती बसण्याची. टॉकीजमधे पुढं म्हणजे थर्ड, मान वर करून पडद्याला नाक लावून बसायचं, बिड्या, शिट्ट्या, आणि हिरोईन आली की चिल्लर. इज्जतदार माणूस मागं, त्याहून इज्जतदार बाल्कनीत. लग्नात मानाचे सोफे पुढं! म्हणजे सभापती, सोयरे, नवरदेवाचे मामा, सगळे थर्डमधे बसून राहिले, आणि ज्यांनी जन्मभर थर्डच्या वर तिकीट काढलं नाही ते मागं बाल्कनीखाली पाय पसरून. अशी समता कुठं पाहायला मिळत नाही बाप्पा.

बरं, टॉकीजला खिडक्या नसतात, उजेड आत येऊ नये म्हणून. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, मुहूर्त साडेअकराचा अन् दोन वाजले तरी नवरदेव डीजेपुढंच नाचून राहिला. चारी कोपऱ्यात कूलर, पण कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, ती नसली की तो नुसता वाफारा सोडतो, सगळं वऱ्हाड ढोकळ्यासारखं फुगून आलं. अन् तेवढ्यात लाईट गेली. अंधार झाल्याबरोबर मागून शिट्ट्या सुरू, "अबे ए ऑपरेटर, झोपला काय बे!" ओरडणारे सगळे साठीच्या वरचे. मागच्या भिंतीत मशीनची दोन चौकोनी भोकं अजून आहेत, त्यातल्या एकातून शूटिंगवाल्या पोरानं डोकं काढलं, "मी काय करू काकाजी, जनरेटरवाला जेवाले गेला!" डेपोवाले बुढेबाबा तेवढ्यात म्हणे, "मंग आमचे पैसे वापस द्या." आहेर तर त्यांनी अजून दिलाच नव्हता.

आता दिवाळीनंतर आमच्या पुतण्याचंही तिथंच ठरलंय, दुसरीकडं तारीख मिळत नाही. मी मालकाला म्हटलं, भाऊ, काही करून मुरूम टाका, लेव्हल करा. तो म्हणे, "कायले? लगन झालं की मागून चार बकेटा पाणी सोडतो, सारा हॉल आपोआप धुतल्या जाते. उतार हायेच तं सोय हाये."

म्हटलं बरं, निदान मला वर बाल्कनीत बसू द्या. तर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणतो कसा, "एकटे हा का फॅमिली?"