पहाटे ५:२१ चा भूकंप

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी काय तयारी करावी यावरचा लेख वाचला, त्यात इन्शुरन्स, पासपोर्टच्या झेरॉक्स वगैरे सगळं आलंय, बरोबरच आहे, पण घरच्यांचं काय ते राहिलंच की. मी २०११ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला कँटरबरी युनिव्हर्सिटीत होते, तिथे मोठा भूकंप झाला. २२ फेब्रुवारी, दुपारी १२:५१, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५:२१. आधीच्या सप्टेंबरात ७.१ तीव्रतेचा भूकंप होऊनही निभावलं होतं त्यामुळे आम्ही जरा निर्ढावलेलो, आणि हा तर ६.३ चाच, पण शहराला अगदी खेटून आणि उथळ, १८५ माणसं गेली, त्यात परदेशातून शिकायला आलेली कितीतरी. नेटवर्क जाम. घरी एकच एसएमएस गेला, "मी ठीक, टीव्ही लावू नका", अर्थात तोवर बाबांनी लावलेला होता.

अंगणात भूकंपाने जमिनीतून राखाडी गाळ वर आलेला, ओल्या सिमेंटसारखा, फावड्याला चिकटला की सुटायचाच नाही. स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी म्हणजे मदतीला उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या गटाची पोरं गल्लोगल्ली तो उपसत होती, मीपण चार दिवस गेले, हाताला फोड आले. मग लेक्चर्स चक्क तंबूत! वारा सुटला की सरांचं काही ऐकू यायचं नाही आणि आफ्टरशॉक म्हणजे भूकंपानंतरचा धक्का आला की सगळ्यांच्या माना वर.

अॅडमिशनच्या वेळी दिवसाला तीन फोन करणारा आमचा एजंट मात्र त्या आठवड्यात गायब. आईला शेवटी घरमालकीणबाईंचा फोन लागला, आईचं इंग्रजी यथातथाच, तरी दोघी दहा मिनिटं बोलल्या म्हणे.