पाऊण मीटरचा सासुरवास

सासुरवास फक्त सुनांनाच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला विश्रामबागेत आमच्या दारात यावं. दारात मामा उभे असतात. मामा म्हणजे माझे सासरे. डोक्याला माकडटोपी, खांद्याला शबनम आणि हातात पडद्याची दांडी.

दांडी आमच्याच हॉलमधली. मामांनी ती करवतीनं बरोबर ७६२ मिलिमीटरवर कापली, आणि तेव्हापासून हॉलचा पडदा एका बाजूनं खिळ्याला लटकतोय. माहेरच्या बाबतीत बायको फार क्षमाशील आहे. हीच दांडी माझ्या वडिलांनी कापली असती तर... असो.

७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट, म्हणजे नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर. मामा मिरजेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्या काळी मिरजेत तिन्ही मापांचे रूळ होते: ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००, नॅरोगेज ७६२. एका मापाच्या वाघिणीतनं, म्हणजे मालडब्यातनं, पोती उतरवायची आणि दुसऱ्या मापाच्या वाघिणीत चढवायची. यातच मामांची उमर गेली. पोती हमालांनी उचलली, मामांनी मोजली. पण कंबर धरली ती मामांचीच, असं सासूबाई सांगतात.

त्यांचा जीव नॅरोगेजवर. बार्शी लाईट ही नॅरोगेज रेल्वे १८९७ ला सुरू झाली आणि १९२७ ला मिरजेला पोचली. मधे तीस वर्षं गेली. गाडीचा एकंदर वेग पाहता हे वेळेतच झालं म्हणायचं. ती काढणारा साहेब एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढं हा माणूस पॅराशूट बनवायच्या नादाला लागला. बार्शी लाईटनं प्रवास केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

आता मिरज-पंढरपूर मार्ग ब्रॉडगेज झालाय. पण सलगऱ्याच्या पुढं कुठंतरी, वेड्या बाभळीच्या रानात, जुन्या लाइनीतनं खडीच्या खाणीकडं एक फाटा फुटत होता, असं मामांचं म्हणणं. तोच हुडकायला आम्ही निघालो होतो. दोन रूळ जिथं वेगळे होतात त्याला मामा जंक्शन म्हणतात. (या हिशेबानं माझी वहिनी आणि मोठा भाऊ हेही जंक्शनच.) नकाशा त्यांनी कुणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढला होता. त्यात एक चिंच, एक विहीर आणि ‘इथे उतरणे’ असा बाण. चिंच आम्हाला सतरा ठिकाणी सापडली.

वेड्या बाभळीला वेडी का म्हणतात ते आत शिरल्यावर कळतं. वेडी ती नव्हे, आत शिरणारा. काटा चपलेच्या तळातनं वर येतो तेव्हा आधी पायाला नुसतं कुणीतरी टोचून विचारल्यासारखं वाटतं, मग पुढचं पाऊल टाकलं की उत्तर मिळतं. मी एका पायावर उभा राहून काटा उपटत होतो, तर मामा म्हणाले, “जावईबापू, जरा सरका. तुम्ही भरावावर उभे आहात.”

खरंच होतो. मातीचा एक लांबट उंचवटा, मधे दगडाची छोटी मोरी, मोरीत दारूच्या बाटल्या आणि एक फाटका बूट. मामांनी त्या मोरीवरनं असा हात फिरवला, की लग्नाच्या अल्बमवरनंही मी त्यांना तसा फिरवताना पाहिलेलं नाही.

तेवढ्यात मागनं मोटारसायकल आली. दोघं उतरले.

“कुठलं म्हनायचं तुमी?”

“सांगलीचे. जरा मोजायला आलोय,” मामा दांडी उंचावून म्हणाले.

सध्या आमच्या जिल्ह्यात शिवारात उभं राहून ‘मोजायला’ हा शब्द उच्चारणं म्हणजे काय, हे ज्यांच्या रानातनं शक्तिपीठ महामार्ग आखलाय त्यांना विचारावं. पाचव्या मिनिटाला तिथं अकरा माणसं होती. एकाच्या हातात खुरपं होतं. ते तो कामावरनं तसाच आला म्हणून असेल, पण मी ते मोजलं. मामा त्यांना तिन्ही गेज समजावून सांगत होते. शेवटी एक म्हातारबा म्हणाले, “आरं, ही बारकी गाडी हुडकत्यात रं! म्या बसलोय तिच्यात पंढरीला जाताना.” मग वातावरण निवळलं आणि त्यांनीच आम्हाला ओढ्याकडं धाडलं. तिथं रूळ आहेत म्हणे.

होते. ओघळीवर दोन रूळ आडवे टाकून वर फरशा ठेवलेल्या. मामांनी गुडघे टेकून मधे दांडी घातली. दांडी दोन बोटं जास्त झाली.

“उन्हानं फुगलेत रूळ,” मामा म्हणाले.

पलीकडं एका वस्तीवर शेळी बांधलेली होती, आणि ज्या खुंटीला बांधलेली ती लाकडाची नव्हती. चौकोनी दांडा, वर एका बाजूला वाकलेलं डोकं, दाव्यानं घासून घासून डोकं रुपयासारखं चकाकत होतं. रुळाखालच्या स्लीपरात ठोकायचा खिळा! मामांचा आवाज कापायला लागला.

“मावशी, हा खिळा रेल्वेचा आहे.”

“आसंल की. म्या काय चोरलाय व्हय? सासूच्या येळपास्नं हाय.”

“तसं नव्हे. मला द्याल का? पाचशे रुपये देतो.”

ही चूक झाली. भाजी मंडईत चार रुपयांसाठी गवारीच्या शेंगा सोडून येणारा माणूस एका गंजक्या खिळ्याला पाचशे म्हणतोय! म्हातारीनं एकदा मामांकडं पाहिलं, एकदा खिळ्याकडं. मग वाकली, दोन्ही हातांनी हलवून हलवून तो उपटला, पदरानं पुसला आणि आत गेली. आम्ही दारातनं पाहिलं. खिळा देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी उभा होता, आणि म्हातारी त्याला हळद लावत होती.

“पाचशे म्हनला म्हंजी पंचधातूचा आसनार,” ती बाहेर येऊन म्हणाली. “आता देत न्हाय.”

मामा पायरीवरच बसले. मी त्यांना पाणी दिलं. खुंटीच गेल्यामुळं शेळी आता मोकळी होती, आणि दोन घोटांच्या अवधीत तिनं शबनममधनं लग्नपत्रिका ओढून काढली होती. विहीर आणि बाण आधीच पोटात गेलेले. माझ्यादेखत चिंचही गेली.

मामांनी डोळे मिटले. मी आतल्या आत त्या शेळीला कडकडून मिठी मारली.

“हरकत नाही,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “माझ्या तोंडपाठ आहे. तुमच्याकडं बेडरूममधे पण पडदे आहेत ना?”